गाडीत कशाला निजता, घर नाही का?

लातुरात नोकरीतून मोकळ्या झालेल्या माणसानं पुढं काय करायचं, हे त्याला सोडून सगळ्यांना ठाऊक असतं. पहिला सल्ला पुण्याचा. ज्या पोरांना आपण 'लातूर पॅटर्न'च्या घाण्याला जुंपून डॉक्टर-इंजिनिअर केलं, ती सगळी पुण्यात. तेव्हा त्यांच्या बाराव्या मजल्यावर राहायला जायचं आणि नातवंडांची शाळेची बस येईपर्यंत खाली फाटकाशी उभं राहायचं. दुसरा सल्ला चारधामचा. तिसरा सगळ्यांत व्यवहारी : घरावर आणखी एक मजला चढवा, खोल्या काढा आणि नीटच्या पोरांना भाड्यानं द्या. आमच्या गल्लीत बहुतेकांनी तिसरा मानला. त्यामुळं आता तळमजल्यावर गुडघेदुखी आणि वरच्या मजल्यावर देशाचं वैद्यकीय भविष्य, अशी गल्लीची रचना आहे.

आम्ही चौथीच वाट धरली. मी पाटबंधारे खात्यातला, ही जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. दोघांची पेन्शन सुरू झाल्यावर आम्ही पुण्याच्या बाजूला एक गाडी बनवून घेतली. आत झोपायला बाक, वर फळीवर आणखी एक बिछाना, छोटा ओटा, शेगडी, पंखा, साठ लिटर पाण्याची टाकी आणि कोपऱ्यात दार लावून घ्यायचा एक कप्पा. राज्य सरकारनं २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात अशा गाड्यांची आणि त्या उभ्या करायच्या पार्कांची सोय सांगितली आहे. लातूर जिल्ह्यात आमच्या वाट्याला आलेली पार्कं म्हणजे पेट्रोल पंप, मंगल कार्यालयाचं अंगण आणि देवळामागचं चिंचेचं झाड. नोंदवलेल्या गाडीत आपल्या मनानं फेरफार करणं कायद्यात बसत नाही, २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं. म्हणून आम्ही सगळं रीतसर केलं. एमएच २४ चा नंबर लागला, हिनं बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि चाकाखाली लिंबू ठेवून आम्ही निघालो.

निघालो म्हणजे जवळच. तास-दोन तासांचा रस्ता, एक-दोन रात्री, की परत. 'एवढी गाडी घेतली तर हिमालयात जा की,' असं लोक म्हणतात. त्यांना मी उदगीरचा दाखला देतो. फेब्रुवारी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी उदगीरला निजामाचा पराभव केला. घरापासून बेताचं अंतर, हातात आलेला विजय, सगळं कसं छान. पण तिथून परत न फिरता मंडळी बायका-पोरं, यात्रेकरू, सगळा लवाजमा घेऊन उत्तरेला निघाली, आणि जानेवारी १७६१ मध्ये पानिपतावर काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. आम्ही उदगीरचा किल्ला पाहिला, बुरुजाखाली चहा केला आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाला घरी होतो. इतिहासापासून काही शिकायचं असतं ते हेच.

ही हौस मूळची विलायतेची. ब्रिटिश आरमारातून निवृत्त झालेल्या गॉर्डन स्टेबल्स नावाच्या डॉक्टरनं १८८५ साली 'वॉन्डरर' नावाची राहण्याजोगी घोडागाडी निव्वळ हौसेखातर बांधून घेतली आणि दोन घोडे जुंपून इंग्लंडातून थेट स्कॉटलंडातलं इन्व्हर्नेस गाठलं. त्याचा एक नोकर तीनचाकी सायकलवरून पुढं जायचा आणि रस्ता कसा आहे ते बघायचा. ऑस्ट्रेलियात तर निवृत्त जोडप्यांची आज अशी फौजच हिंडते. 'ग्रे नोमॅड' असं त्यांना नावच पडलंय. या सगळ्यामागचा विचार एकच : आपलं घर आपल्याबरोबर. कुणाच्या दारात जायला नको, कुणाला तोशीस नको, कुणाचे उपकार नकोत. हा विचार सगळ्या जगात चालला आणि लातूर जिल्ह्यात पहिल्याच मुक्कामाला आडवा झाला.

तो मुक्काम खरोशाचा. औसा तालुक्यात खरोशाच्या डोंगरात साधारण सहाव्या शतकातली लेणी आहेत. वेरूळइतकं त्यांचं नाव नाही, त्यामुळं शांतता चिक्कार. आम्ही पायथ्याशी गाडी लावली, दार उघडलं, हिनं चहाचं आधण ठेवलं. मी खुर्ची टाकून मावळतीकडं तोंड करून बसतो न बसतो तोच एक पटकेवाले आजोबा काठी टेकत आले. गाडीकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "डोळे कवा तपासणार?"

मी म्हणालो, "ही दवाखान्याची गाडी नाही, आजोबा."

"मग बीपी तरी बघा."

माझ्या रक्तदाबाचं यंत्र आम्ही बरोबर ठेवतो. आजोबांचा दंड हातात धरून हिनं पट्टा गुंडाळला आणि तिथंच घात झाला. अर्ध्या तासात गाडीपुढं रांग. आजीबाई आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन आलेल्या. एकीनं तर रांगेत नंबर लागावा म्हणून स्वतःऐवजी चप्पल ठेवली होती. हिनं शाळेतल्या सवयीनं वहीत नावं लिहून घेतली आणि पुढं आकडे मांडले. शेवटी माझी पाळी आली. सगळ्या यादीत माझाच रक्तदाब जास्त निघाला. आजोबा गंभीरपणे म्हणाले, "मास्तर, तुम्ही हिंडणं कमी करा."

तेव्हापासून आमची गाडी काय काय ठरली, याची यादीच आहे. बहुतेकांना ती अँब्युलन्स वाटते. काहींना माती परीक्षणाची गाडी वाटते आणि ते रुमालात ढेकळं बांधून आणतात. एका गावात आम्हाला बँकेचे वसुलीवाले समजून अर्धी वस्ती शेताकडं निघून गेली. चहाला दूध मागायला माणूस मिळेना. २०२४ साल निवडणुकांचं. विधानसभेच्या वेळी, नोव्हेंबरात, एका नाक्यावर भरारी पथकानं थांबवलं. रोकड शोधायला एकेक ड्रॉवर उघडला. पहिल्यात इसबगोल, दुसऱ्यात धपाटे, तिसऱ्यात शेंगाची चटणी, चौथ्यात गुडघ्याचे पट्टे. तपासणारा तरुण हिच्याकडं बघून एकदम सावध उभा राहिला.

"बाई, तुम्ही? ओळखलंत का? दुसऱ्या बाकावर बसायचो."

इथून आमच्या फिरस्तीचा खरा घोटाळा सुरू होतो. ज्या बाईनं सगळी नोकरी याच जिल्ह्यातल्या शाळांत केली, तिच्याबरोबर याच जिल्ह्यात अनोळखी होऊन राहता येत नाही. चाकूरला पंक्चर काढणारा हिचा विद्यार्थी. अहमदपूरला बस स्टँडसमोर केळीचा गाडा लावणारा हिचा विद्यार्थी. निलंग्याला गेलो तो खरं तर नीळकंठेश्वराचं जुनं हेमाडपंती देऊळ बघायला, पण निलंग्याला जाऊन निलंगा राईस न खाता येणं हा गुन्हाच. गाड्यावरचा माणूस कढईत भात परतता परतता थबकला. "बाई!" पैसे घेईना. ही म्हणाली, "पैसे घे, नाहीतर तेराचा पाढा म्हण." त्यानं मुकाट्यानं पैसे घेतले.

त्या रात्री आम्ही देवळाच्या जवळच मुक्काम टाकला होता. खिडक्यांना पडदे, मंद दिवा, पंखा चालू. सगळं त्या विलायती डॉक्टरला हेवा वाटावा असं. पण डॉक्टरच्या पुढं तीनचाकीवाला जायचा, आमच्या पुढं व्हॉट्सॲप जातं. गाडीचा फोटो कुणीतरी भावकीच्या ग्रुपवर टाकला आणि दहाच्या सुमारास दारावर टकटक. बाहेर बॅटरी घेऊन माझ्या मावसभावाचे साडू, त्यांचा मुलगा आणि मागं डोक्यावरून पदर घेतलेल्या वहिनी.

"दाजी, गाडीत कशाला निजता, घर नाही का?"

मी समजावलं, की गाडीत झोपायचं म्हणूनच गाडी घेतली आहे. साडूंचा चेहरा पडला. ते हळूच म्हणाले, "आमचं काही चुकलं का?"

या प्रश्नापुढं जगातली कुठलीही गाडी टिकत नाही. गावात येऊन गावातल्या पाहुण्याच्या घरी न उतरता रस्त्यावर झोपणं म्हणजे त्या घरावर जाहीर बहिष्कार. उद्या गाव विचारणार, काय भांडण झालं? वाटणीचं काही आहे का? आम्ही उठलो. वहिनींनी त्या वेळी पिठलं टाकलं, भाकऱ्या थापल्या, वर दह्याचं गाडगं पुढं सरकवलं. आतल्या खोलीत नवी कोरी चादर घालून पलंग तयार. साडू स्वतः ओसरीत सतरंजीवर. आणि त्यांच्या घरातली पोरं, शेजारची पोरं आणि शेजारच्यांकडं दिवाळीला आलेली पोरं, ही सगळी आमच्या गाडीत. पंखा, दिवे, वरचा बिछाना, नळाला येणारं पाणी. रात्रभर गाडी डुलत होती. सकाळी दार सरकवलं तर एकामागून एक पोरं उतरतच राहिली.

पुढं हाच शिरस्ता पडला. आम्ही त्यांच्या घरात, त्यांची पोरं आमच्या गाडीत. औशाला हेच, रेणापूरला हेच, शिरूर अनंतपाळला हेच. भारीतली गादी घालून बनवलेल्या आमच्या बिछान्यावर वर्षभरात आम्ही सोडून सगळ्यांची झोप झाली. पण एक गोष्ट मान्य केली पाहिजे. ज्या नातेवाइकांची गाठ फक्त लग्नात नाहीतर तेराव्याला पडायची, आणि तीही जेवणाच्या पंगतीत पलीकडच्या ओळीत, त्यांच्या घरातली माणसं आम्ही नावानिशी ओळखू लागलो. कुणाची बोअर आटली, कुणाच्या सोयाबीनला भाव मिळाला नाही, कुणाची सून पहिल्यांदा बोलली, हे सगळं कळायला मंगल कार्यालयातला डीजे बंद असावा लागतो.

गाडीतल्या एका बाबतीत मात्र आम्ही कुणालाही शिकवू शकतो : पाणी. अशा गाड्यांच्या माहितीपुस्तकात पाणी जपून कसं वापरावं यावर लांबलचक प्रकरण असतं. लातूरच्या बाईला ते वाचायची गरज नाही. मार्च २०१६ मध्ये इथं पाण्याच्या टाक्यांभोवती आणि विहिरींभोवती १४४ कलम लागलं होतं. १२ एप्रिलला मिरजेहून दहा वाघिणींची पहिली पाण्याची रेल्वे पाच लाख लिटर घेऊन आली, तेव्हा लोक स्टेशनात तिची वाट बघत उभे होते. मी पाटबंधारे खात्यात. त्या उन्हाळ्यात शेजारी माझ्याकडं ज्या नजरेनं बघत, ती नजर मी अजून विसरलो नाही. हिला त्या वर्षानं जे वळण लावलं ते कायमचं. तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं पाणी पातेल्यात साठवून रस्त्याकडेच्या एखाद्या झाडाला. मुक्काम हलवताना हिचं कुठलंतरी लिंबाचं रोप पाणी पिऊन मागं उभं असतं. दोन दिवसांनी घरी येतो तेव्हा टाकीत पाणी उरलेलं असतं आणि त्याचा हिला गुढीपाडव्याइतका आनंद होतो.

तो कोपऱ्यातला दार लावून घ्यायचा कप्पा कशासाठी होता, हे चाणाक्ष वाचकांनी ओळखलं असेल. बनवणाऱ्यानं ती सोय मोठ्या अभिमानानं दाखवली होती. हिनं ओट्यापासून त्याचं अंतर डोळ्यांनी मोजलं आणि विषय संपवला. "स्वयंपाकाच्या बाजूला? मी काय वाटेल ते करीन, पण हे नाही." तो कप्पा उद्घाटनाविनाच राहिला आणि आता तिथं आमचं कोठार आहे. कारण पाहुण्यांच्या दारातून आमची गाडी रिकामी हलू देत नाहीत. लातूर भागातल्या तीन वाणांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं : पानचिंचोलीची चिंच, बोरसुरीची तूरडाळ आणि कास्ती कोथिंबीर. ती तिन्ही त्या कप्प्यात आहेत, शिवाय ज्वारीचं पोतं आणि येसराचे डबे. जाताना गाडी चढावर पळते, येताना धापा टाकते. उजनीला बासुंदीसाठी थांबतो, तोही निम्मा गाडीला विसावा म्हणून.

दिवाळीनंतरची गोष्ट. अंबाजोगाईला मुकुंदराजांच्या समाधीचं दर्शन घेऊन परतताना रात्र झाली, म्हणून पेट्रोल पंपाच्या कडेला गाडी लावली. शेजारी ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन ट्रॉल्या. ऊसतोडीला निघालेली मंडळी. ट्रॉलीत चूल, पत्रे, हंडे, कोंबड्या, एक शेळी, आणि सगळ्यांच्या वर गोधडीत गुंडाळलेली लेकरं. त्यातली एक बाई पाणी भरायला आली आणि आमच्या गाडीत डोकावून हिच्याशी बोलायला लागली.

"कोणत्या कारखान्याला?"

"नाही हो, आम्ही असंच," ही म्हणाली.

"असंच?" बाईला पटेना. "उचल किती घेतली?"

"ह्यांची पेन्शन आहे."

"मुकादम कोण?"

यावर मी काही न बोलता बायकोकडं बघितलं. त्या बाईला हे पटलं असावं, कारण ती मनापासून हसली. मग आत मान घालून तिनं एकेक वस्तू बघितली. गादी. शेगडी. ओटा. "पंखा बी हाय!" आणि थोडा विचार करून म्हणाली, "अन् तोडायचं काईच न्हाई?"

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. त्या हिशेबानं आम्हीही एक कोयताच झालो. फक्त बिनधारेचा आणि सरकारी उचलीवर चाललेला. मराठवाड्यातून दरवर्षी हजारो कुटुंबं चाकांवर संसार टाकून सहा-सहा महिने बाहेर पडतात. त्यांच्यासाठी कुणी धोरण केलं तर त्यात पंखा बसवायला हरकत नाही.

नांदेडला मात्र आमची गाडी साफ उघडी पडली. हुजूर साहिबला गेलो. १७०८ साली गुरू गोविंदसिंहांनी इथं देह ठेवला; देशभरातून आणि पंजाबातून इथं सतत जथे येतात. आम्ही वाहनतळावर उभे राहिलो तो शेजारी एक ट्रक. मागच्या हौद्यात फळ्या टाकून सरळ दोन मजले केलेले. वर म्हातारी माणसं गाद्यांवर, खाली बायका, पोरं, पिठाची पोती, पातेली, ढोलकी. त्यातून उतरलेल्या सरदारजींनी आमच्या गाडीची सगळी तपासणी केली, प्रत्येक कप्प्याला दाद दिली आणि शेवटी काळजीनं विचारलं, "बाकी लोग कहाँ उतर गये?" आम्ही दोघंच आहोत म्हटल्यावर त्यांना आमच्या मुलांचा फार राग आला.

लंगरला जाऊन बसलो. तिथं कोण, कुठले, कोणाचे, हे कुणी विचारत नाही. दोन्ही हात पुढं करायचे, पोळी पडते. डाळ नको म्हणायच्या आत आणखी एक पळी पडते. वर्षभरात पहिल्यांदा आम्हाला नातं न सांगता जेवायला मिळालं. मला तर हायसं वाटलं. पण हिला ते सोसेना. फुकट जेवून उठायचं म्हणजे काय? हात धुतले आणि सरळ लसूण सोलणाऱ्या बायकांच्या घोळक्यात जाऊन बसली. मी बाहेर संगमरवरावर बसून वाट बघतोय, ही येते कसली! दोन तासांनी आली ती लुधियानाच्या दोन बायकांचे फोन नंबर घेऊन आणि त्यांना येळवशीचं आमंत्रण देऊन.

येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावस्या, बाहेरच्यांना सांगून कळत नाही. त्या दिवशी लातूर शहरात चिटपाखरू नसतं. गंजगोलाईला येऊन मिळणारे सोळाही रस्ते ओस. दुकानं बंद, सगळा जिल्हा शेतात. कडब्याची कोप करायची, आत चुना लावलेल्या दगडांचे पांडव मांडायचे, पूजा करायची, आणि मग आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, तिळाच्या पोळ्या. ज्याला शेत नाही त्याला वाटेवरून हाक मारून बसवतात. बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसाला उपाशी जाऊ देणं त्या दिवशी पाप.

त्या दिवशी आम्ही चुलतभावाच्या शेतात गाडी नेली. कुणीही तिच्याकडं वळून पाहिलं नाही, डोळे तपासायला कुणी आलं नाही. चहूकडं ट्रॅक्टर, टेंपो, छोटा हत्ती, फटफट्या. सगळ्यांनी आपापलं घर उचलून रानात आणलेलं. आमची गाडी बांधाला लावली, तिच्यात पंख्याखाली एक तान्हं बाळ आणि नव्वदीची पणजी झोपवली आणि आम्ही खाली मातीत पंगतीला बसलो. जे करायला आम्ही पेन्शनची पुंजी मोडली, ते इथं पिढ्यान्‌पिढ्या कडब्याच्या पाच पेंढ्यांत उरकत आलेत.

आता पुढच्या वर्षाचा बेत. ही म्हणाली, "अहो, एकदा तरी आपल्या गाडीत आपण झोपू. जिथं आपलं कुणी नाही अशा ठिकाणी जाऊ." रत्नागिरी–नागपूर महामार्ग आमच्याकडूनच जातो, पश्चिमेला तोंड केलं की सरळ समुद्र. रत्नागिरीत आमचं भावकीतलं कुणी नाही, सोयऱ्यांतलं नाही, आणि हिनं तिकडं कधी शिकवलेलं नाही. दोन रात्री खात्री करून घेतली, वंशावळ तपासली आणि पोराला फोन करून सांगितलं.

फोन सूनबाईच्या हातात गेला. "अय्या, बाबा, रत्नागिरी? तिथं माझी मावशी आहे ना!"

काल मावशींचा निरोप आला. अंगण त्यांनी टेप लावून मोजलं आहे, गाडी व्यवस्थित मावते. दोन पोफळी आड येत होत्या, त्यांच्या झावळ्या उतरवून घेतल्या. पाहुण्यांची खोली तयार आहे. आणि त्यांच्या नातवंडांनी गाडीतला वरचा बिछाना कुणाचा, यावरून आतापासून भांडायला सुरुवात केली आहे.